हा जादा प्रकाश येतो कोठून?

चातुर्मासाची सांगता झाली की आपल्या समाजात प्रवासाचे दिवस सुरू होतात. कोणी कुंभोज-बाहुबलीला निघते, कोणी कुंथलगिरीला, कोणी मांगीतुंगीला. दिवस लहान झालेले असतात आणि परतताना अंधार गाठतोच. नेमक्या याच दिवसांत उसाचा हंगाम भरात असतो. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. या सुमारास अनेकांना गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश अपुरा वाटू लागतो आणि पावले सुट्या भागांच्या दुकानाकडे वळतात. तेथे एकाच गाडीसाठी चार-पाच प्रकारचे बल्ब समोर येतात. एकावर ‘दीर्घायुषी’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘१३० टक्क्यांपर्यंत अधिक प्रकाश’, तर तिसऱ्याची काच निळसर असते. किमतीही दुप्पट-चौपट असतात. यातून निवड कशी करावी, हा या वेळचा विषय.

एखादी संस्था ठेवीवर बाजारापेक्षा फार चढे व्याज देऊ लागली, तर जाणता ठेवीदार प्रथम विचारतो की हे जादा व्याज येते कोठून. बल्बच्या खोक्यावरील टक्केवारी वाचतानाही हाच प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात निवडीचे बहुतेक सारे सूत्र सामावलेले आहे.

आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत आजही हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या आत टंगस्टन धातूची गुंडाळलेली बारीक तार असते. वीज वाहू लागली की ती तापून प्रकाश देते. त्या उष्णतेने टंगस्टनचे कण हळूहळू उडून जातात. बल्बमध्ये भरलेला आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा हॅलोजन वायू हे कण काचेवर बसू न देता पुन्हा तारेकडे नेतो, म्हणून काच काळवंडत नाही. मात्र कण जेथून उडाले नेमके तेथेच परत बसतात असे नाही. तार कोठेतरी बारीक होत जाते आणि एक दिवस तुटते. तार जितकी अधिक तापेल तितका प्रकाश अधिक आणि शुभ्र मिळतो, आणि तितकेच तिचे आयुष्य घटते.

ही देवघेव समप्रमाणात नसते, हे विशेष लक्षात घ्यावे. बल्बला मिळणारा विद्युतदाब पाच टक्क्यांनी वाढला, तर प्रकाश सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे थोड्याशा व्याजासाठी मुद्दलच मोठ्या प्रमाणात खर्ची पडते. अधिक प्रकाशाचे बल्ब बनवताना तार आखूड आणि दाट गुंडाळलेली ठेवतात, ती अधिक तापवतात आणि झेनॉनसारखा जड वायू भरून तिची झीज काही अंशी रोखतात. तरीही साध्या बल्बच्या मानाने त्यांचे आयुष्य बरेच कमी असते. उत्पादकांच्या स्वतःच्या तांत्रिक तक्त्यांतही ते तसेच दिलेले असते. खोक्याच्या दर्शनी बाजूस मात्र ते ठळकपणे छापलेले क्वचितच आढळते.

आता ‘१३० टक्क्यांपर्यंत’ या शब्दांचा अर्थ पाहू. बल्बमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाला आंतरराष्ट्रीय नियमांनी मर्यादा घातलेली आहे. एच-४ हा आपल्याकडील अनेक गाड्यांतला दोन तारांचा बल्ब. त्याचा प्रमाणित प्रकाश अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन असतो आणि त्यात १५ टक्के कमी-अधिक चालते. एका तारेच्या एच-७ साठी हा आकडा १५०० ल्युमेन असून सूट १० टक्के आहे. अशा चौकटीत एकूण प्रकाश सव्वादोन पट होणे शक्यच नाही. जाहिरातीतली टक्केवारी रस्त्यावरील काही ठरावीक बिंदूंपुरती असते आणि तिची तुलना बहुधा नियमाने ठरवलेल्या किमान प्रकाशाशी केलेली असते. तार अधिक नेमकी बसवून प्रकाशाचा काही भाग गाडीपुढे पन्नास-पाऊणशे मीटरच्या पट्ट्यात एकवटला जातो. हा लाभ खरा आणि उपयोगाचाही आहे, पण तो छापील आकड्याएवढा नाही. ‘पर्यंत’ हा शब्द बल्बच्या खोक्यावरही ठेवीच्या पत्रकाइतकाच काळजीपूर्वक वाचावा.

निळसर काचेच्या बल्बचा हिशेब तर उलटाच आहे. काचेवरचा निळा लेप प्रकाशातील पिवळा-तांबडा भाग अडवतो, म्हणून उजेड पांढरा भासतो. अडलेल्या प्रकाशाची भरपाई करण्यासाठी तार अधिक तापवावी लागते आणि आयुष्य घटते. पावसात, ओल्या रस्त्यावर निळसर उजेड डोळ्यांना अधिक खुपतो आणि कीटकही निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. किंमत जास्त, आयुष्य कमी आणि उपयुक्त उजेडात भर नाही, असा हा सौदा आहे.

आयुष्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वापरावरून मांडावा. सोयीसाठी धरू की दीर्घायुषी बल्ब १००० तास टिकतो, साधा ५०० तास आणि तेजस्वी २५० तास. दररोज सरासरी अर्धा तास दिवे लावणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला सुमारे १८० तास होतात. त्यांना दीर्घायुषी बल्ब साडेपाच वर्षे पुरेल, साधा पावणेतीन वर्षे आणि तेजस्वी जेमतेम सव्वा-दीड वर्ष. रोज रात्री चार तास गाडी चालवणाऱ्या व्यावसायिकाच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे आठ महिने, चार महिने आणि दोन महिने असे होतात. येथे केवळ किमतीचा विचार पुरेसा नाही. बल्ब उडतो तो रात्री, वापरात असताना. एच-४ मध्ये बहुधा डिपरची तार आधी जाते, कारण तिचाच वापर अधिक असतो. मग चालक अप्परवरच घर गाठतो आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचे डोळे दिपवत जातो. बल्बच्या आयुष्याचा संबंध असा इतरांच्या सुरक्षिततेशीही येतो.

माझे मत थोडक्यात असे आहे. शहरातल्या दिव्यांच्या रस्त्यांवरच गाडी फिरत असेल, तर दीर्घायुषी बल्ब घ्यावा. दुचाकींना तर १ एप्रिल २०१७ पासून दिवा सतत चालू राहण्याची व्यवस्था बंधनकारक झाली आहे, म्हणून त्यांना दीर्घायुषी बल्बच योग्य. गाव आणि शहर असा मिश्र प्रवास असणाऱ्या बहुतेक कुटुंबांना नामांकित उत्पादकाचा साधा बल्ब पुरेसा आहे. ज्यांना अंधाऱ्या रस्त्यांवरून वारंवार जावे लागते आणि बल्ब वेळेवर बदलण्याची शिस्त आहे, त्यांनी तीस ते पन्नास टक्के अधिक प्रकाशाचा मध्यम प्रकार घ्यावा आणि एक जादा बल्ब गाडीत ठेवावा.

दोन प्रकार मात्र कोणीच घेऊ नयेत. पहिला, ९० किंवा १०० वॅटचा. एच-४ ची मूळ क्षमता ६०/५५ वॅटची असते. तेथे १०० वॅट लावल्यास वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता पावणेतीन पटींहून अधिक होते. होल्डर वितळतो, परावर्तकाची चमक जाते आणि आग लागण्याचा धोकाही असतो. दुसरा, हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात बसवायचा स्वस्त एलईडी. मूळ परावर्तकाची घडण तारेच्या नेमक्या जागेवरून केलेली असते. एलईडीचा प्रकाशबिंदू त्या जागी बसला नाही की झोत विस्कटतो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून समाधान वाटते, पण दूरचे दिसणे वाढत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश घुसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही दिव्याचा झोत खाली वळलेला असावा आणि त्याने समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी तरतूद आहे.

नवा बल्ब घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. अनेकदा त्यातच काम भागते. पहिली म्हणजे बाहेरची काच. हल्ली ती प्लॅस्टिकची असते, उन्हाने पिवळी पडते आणि मग कोणताही बल्ब लावला तरी उजेड आतच अडतो. ती पॉलिश करून घेता येते. दुसरी, विद्युतदाब. जुन्या वायरिंगमुळे बल्बपर्यंत पाच टक्के दाब कमी पोहोचला, तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. उलट बल्ब वारंवार उडत असतील, तर चार्जिंगचा दाब १५ व्होल्टच्या वर जातो काय, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. तिसरी, झोताचा कल. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, तर डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडावी. डिकी सामानाने भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते. अशा वेळी अनेक गाड्यांत स्टीअरिंगजवळ असलेली झोत खाली करण्याची चकती फिरवावी. तीर्थयात्रेला निघताना ही चकती बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे आपले डोळे. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाशच नेत्रपटलापर्यंत पोहोचतो आणि दिपलेले डोळे सावरायलाही अधिक वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा प्रत्येक दिवा फुटलेला, पसरलेला दिसतो. माझ्या वयाच्या वाचकांना ‘हल्ली दिवेच मंद झाले आहेत’ असे वाटत असेल, तर दुकानाआधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

बल्ब बदलताना गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक पाहूनच तो घ्यावा आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, कारण दोघांनी सारखेच काम केलेले असते. दिवा थंड झाल्यावरच हात घालावा आणि काचेला उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. बोटांचा तेलकट अंश काचेवर राहिला, तर तेवढी जागा अधिक तापते आणि बल्ब अकाली जातो. चुकून स्पर्श झालाच, तर स्वच्छ कापडाला स्पिरिट लावून पुसावे.

एवढे सारे करूनही दिव्याची मर्यादा उरतेच. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला पादचारी साधारण चाळीस ते पन्नास मीटरवर आल्यावरच नीट दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या दीड सेकंदात २५ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तितकेच अंतर घेते. म्हणजे दिसणे आणि थांबणे यांचा मेळ जेमतेम बसतो. ताशी ८० च्या वेगाला थांबण्यासाठी सुमारे ७५ मीटर लागतात. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे उजेड तीस टक्क्यांनी वाढला तरी दिसण्याचे अंतर चौदा टक्केच वाढते, पन्नासाचे सत्तावन्न मीटर होते. पन्नासाचे पंचाहत्तर करायचे, तर सव्वादोन पट उजेड हवा. तो कोणताही कायदेशीर बल्ब देऊ शकत नाही. वेग ताशी वीस किलोमीटरने कमी केल्यास तोच लाभ विनाखर्च मिळतो आणि बल्बच्या आयुष्यातला एक तासही त्यासाठी द्यावा लागत नाही.

आपल्या मुनिजनांची इर्यासमिती हेच सांगते. पुढची चार हात जमीन नीट पाहावी आणि जेवढे दिसते तेवढ्याच बेताने पाऊल टाकावे. वाहन चालवणाऱ्या श्रावकाचे चार हात म्हणजे त्याच्या डिपरचा उजेड. त्यापलीकडे धावणारा वेग, आणि गरज नसताना समोरच्याच्या डोळ्यांवर सोडलेला अप्पर, यांची गणना अनर्थदंडातील प्रमादचर्येत करावी लागेल. दोन्हींतून आपल्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्याच्या प्राणावर बेतते.

विहाराच्या वाटेवर साधू-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. बहुधा वेळ पहाटेची असते. श्वेत वस्त्र दिव्याच्या उजेडात लांबून दिसते. दिगंबर मुनिराज मात्र तितक्या लांबून दिसत नाहीत. म्हणून विहारात सोबत चालणाऱ्या श्रावकांनी उजेड परतवणारी जाकिटे घालावीत, एकाने संघाच्या पुढे आणि एकाने मागे चालावे आणि पुरते उजाडल्याशिवाय महामार्गावर पाऊल ठेवू नये. पहाटे गाडीने जाणाऱ्या आपण सर्वांनी विहाराच्या या दिवसांत वेग साठच्या आत ठेवावा, मग बल्ब साधा असो वा महागडा.