पोटगी आणि परवाना

विवाह मोडला म्हणजे पतिपत्नींचे नाते संपते. मुलांची भूक संपत नाही. पोटगीचा हुकूम हाती असूनही थकबाकीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या माता नाशिकलाही नव्या नाहीत. पोटगी थकविणाऱ्या बापाचा वाहन चालविण्याचा परवाना रोखावा काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो. अमेरिकेत १९९६ च्या संघीय कायद्याने सर्व राज्यांना तशी तरतूद करणे भाग पाडले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मात्र परवाना काढून घेण्याच्या कारणांत पोटगीचा उल्लेख नाही.

वसुलीची साधने आपल्याकडे नाहीतच, असे नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली. त्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हुकूम मोडणाऱ्याविरुद्ध वॉरंट निघते आणि तरीही रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. तथापि कैदेत असलेला मनुष्य कमावणार काय आणि देणार काय?

परवाना रोखण्याच्या उपायातही हाच दोष संभवतो. स्वतःच्या मोटारीतून हिंडणारा, पण मुलाची फी न भरणारा गृहस्थ त्याने कदाचित वठणीवर येईल. परंतु लासलगावचा कांदा मुंबईस नेणारा ट्रकचालक किंवा द्वारका चौकात उतारूची वाट पाहणारा रिक्षावाला यांचा परवाना हेच त्यांचे भांडवल असते. तो हिरावून घेणे म्हणजे ज्या विहिरीचे पाणी हवे तीच बुजविणे होय.

तेव्हा देत नाही तो कोण आणि देऊ शकत नाही तो कोण, हे आधी ठरले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, ते याच दृष्टीने मोलाचे आहे. ऐपत सिद्ध झालेल्या आणि वाहनावर पोट नसलेल्या थकबाकीदाराचा परवाना अखेरचा उपाय म्हणून जरूर रोखावा. पगारदाराच्या बाबतीत मार्ग सोपा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एकतृतीयांश भागच जप्तीतून वगळला जातो. या तरतुदीचा वापर तत्परतेने व्हावयास हवा.

ज्यांच्याकडून वसुली लांबते, त्यांच्या मुलांचे काय? पश्चिम जर्मनीत १९८० पासून सरकार अशा मुलांना आगाऊ रक्कम देऊ लागले आणि मग ती थकबाकीदाराकडून वसूल करू लागले. आपल्याकडेही वसुलीचा भार एकट्या मातेच्या शिरावरून शासनाने उचलला पाहिजे. बापाला शिक्षा किती कठोर झाली यापेक्षा मुलाच्या घरी दरमहा पैसे पोचले की नाही, हीच या कायद्याची खरी कसोटी आहे.