साप नसताना छाती का धडधडते?

मांजरीच्या शिवारात रात्री उसाला पाणी देताना पायाशी सळसळ झाली, तर तुमचे काय होते? काळजात धस्स होते, छाती धडधडते, घाम फुटतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि शरीर पळायला सज्ज होते.

कधीकधी साप नसतानाही हेच घडते. माणूस ओट्यावर बसलेला असतो. मनात कर्जाचा घोर असतो, कधी तोही नसतो. एकाएकी ‘आता मी मरतो’ असे वाटते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरते. याला बाहेरची बाधा समजू नका, ढोंग म्हणून हिणवूही नका. हा भीतीचा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो व मग ओसरतो. माणसाला बसवा, जवळ थांबा, श्वास सावकाश सोडायला सांगा.

मात्र हृदयविकारही असाच दिसतो. पहिलाच झटका असेल किंवा छातीत दुखत असेल, तर घरी निदान करू नका. १०८ ला फोन करा. हृदय ठीक निघाले, तरी झटके येत राहिले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. दुखण्याला लाजायचे कशाला?