मामाचे आडनाव आणि साताऱ्याचे दत्तकपत्र

इंग्रज उमरावांच्या वंशावळी मोठ्या देखण्या असतात. १८२६ पासून निघू लागलेला ‘बर्क्स पिअरेज’ हा त्यांचा पोथीग्रंथच. आपल्याकडील आंग्लविद्याविभूषित मंडळींना त्यातील प्रत्येक रेघ म्हणजे अस्सल इतिहास वाटतो आणि भाटांनी राखलेली आपली वंशावळ म्हणजे भाकडकथा! अशा विद्वानांनी पोविसच्या अर्लांचे घराणे एकदा बारकाईने वाचावे.

पोविसचा किल्ला वेल्समध्ये आहे. तेथील हर्बर्ट घराण्याला अर्लपद मिळाले १६७४ मध्ये. पुढे मार्क्विसपदही आले. पण १७४८ मध्ये तिसरा मार्क्विस निपुत्रिक वारला आणि वंश खुंटला. त्याच वर्षी राजाने हर्बर्ट आडनावाच्या एका दूरच्या नातलगाला नव्याने अर्ल केले. त्याने मृत मार्क्विसच्या पुतणीशी विवाह केला, तो त्यानंतर तीन वर्षांनी. १८०१ मध्ये त्याचा अविवाहित पुत्रही गेला. पदवी पुन्हा नष्ट.

येथे प्रवेश होतो तो रॉबर्ट क्लाइव्हच्या कुळाचा. १७४४ मध्ये कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला आलेला हा गृहस्थ. प्लासीनंतर मीर जाफरकडून त्याने दोन लाख चौतीस हजार पौंड घेतले आणि १७६२ मध्ये तो ‘प्लासीचा बॅरन क्लाइव्ह’ झाला. पदवीतली ही प्लासी मात्र आयर्लंडातली. तेथील आपल्या जमिनीलाच त्याने ते नाव देऊन टाकले होते! त्याचा पुत्र एडवर्ड याने १७८४ मध्ये शेवटच्या अर्लच्या बहिणीशी, हेन्रिएटाशी, लग्न केले. हर्बर्टांकडे कूळ होते आणि कर्ज होते. क्लाइव्हांकडे बंगालचा पैसा होता. हाच एडवर्ड पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले ते त्याच्याच कारकिर्दीत, आणि टिपूचा म्हणून ओळखला जाणारा तंबू आजही पोविसच्या किल्ल्यात आहे. १८०४ मध्ये मेहुण्याची लोपलेली पदवी राजाने या जावयासाठी तिसऱ्यांदा निर्माण केली.

खरी गंमत पुढेच आहे. १८०७ मध्ये त्याच्या मुलाने क्लाइव्ह हे बापाचे आडनाव टाकले आणि तो हर्बर्ट झाला. का? तर मामाच्या मृत्युपत्रातील ती अट होती. आडनाव घ्या, जहागीर घ्या!

इंग्रज वकील म्हणतील, हे दत्तक नव्हे. नसेल. त्यांच्या कायद्यात दत्तकाला पदवी मिळतच नाही. पण मृताचे नाव चालावे म्हणून दुसऱ्याच्या पुत्राने ते धारण करावयाचे आणि त्याची संपत्ती सांभाळावयाची, याला मराठी माणूस दुसरे काय म्हणेल? आपल्याकडे निदान होमहवन होते, साक्षीदार असतात, धर्मशास्त्राचा आधार असतो.

हा नाव बदललेला हर्बर्ट वारला १८४८ मध्ये. त्याच्या मुलाच्या वारसाहक्कावर कोणी बोट ठेवले नाही. आणि त्याच १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनीने नामंजूर केला. शिवछत्रपतींच्या वंशाचे राज्य खालसा झाले. पुढे झाशीच्या दामोदररावांचा हक्क नाकारला गेला, नागपूरकर भोसल्यांचे राज्य गेले, त्यांचे जडजवाहीर कोलकात्यात लिलावात निघाले. पोविसला मात्र पदवी दोनदा नष्ट होऊनही ना किल्ला जप्त झाला, ना भांडीकुंडी विकली गेली. उलट १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना बाहेर काढीपर्यंत या कुळाला लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा जन्मसिद्ध हक्क होता!

दत्तके नामंजूर करणारा डलहौसी स्वतः दहावा अर्ल. पंजाब गिळल्याबद्दल १८४९ मध्ये त्याला मार्क्विस केले गेले. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्यालाही पुत्र नव्हता. मार्क्विसपद संपले, पण अर्लपद निमूटपणे त्याच्या चुलतभावाकडे गेले.