सातासमुद्रापलीकडचा मतदार दिसतो, नोएडातला दिसत नाही!

परदेशस्थ भारतीयांच्या मतदानाची सोय कशी लावावी, या चिंतेने दिल्लीतील राज्यकर्ते दीर्घकाळ व्याकूळ आहेत. २०१० साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात त्यांची नावे नोंदविण्याची मुभा देण्यात आली. अट एवढीच, की मत द्यायला स्वतः यावे. ही अट जाचक ठरवून ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने मुखत्यारामार्फत मतदानाचे विधेयक संमत केले. ते राज्यसभेत पुढे सरकले नाही आणि सोळाव्या लोकसभेबरोबर बारगळले. तरी उत्साह ओसरला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाकडे धाडला.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदलेले परदेशस्थ मतदार होते १,१९,३७४. मतदान केले २,९५८ जणांनी आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. केरळचा परदेशस्थ म्हणजे प्रामुख्याने आखातात घाम गाळणारा कामगार. त्याच्या हक्काविषयी कोणाही श्रमिकाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु मुखत्यारामार्फत दिलेले मत गुप्त राहत नाही, आणि जे गुप्त राहत नाही त्याला बाजारात भाव येतो, हे विधेयक आणणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

खरा प्रश्न पुढेच आहे. नोएडाच्या इमारतींवर विटा वाहणारा, मानेसरच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा, बवाना-नरेल्याच्या औद्योगिक वसाहतीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसह राहणारा बिहारी मजूर याच देशात आहे. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी कायद्याने त्यालाही दिलेली आहे. पण एका दिवसात दरभंग्याला जाऊन परत येणारी गाडी अजून कोणी सुरू केलेली नाही! गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मिळून मताची जी किंमत होते, ती तो भरू शकत नाही. मराठी वाचकांना हे दूरचे वाटू नये. २०२४ साली महाराष्ट्रात गळीत हंगामाचा मुहूर्त १५ नोव्हेंबरचा आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला! बीडचा ऊसतोड कामगार त्या दिवशी कोणत्या फडात असणार, हे तारखा ठरविणाऱ्यांना ठाऊक होते.

आणि सोय करण्याऐवजी केले काय? २४ जून २०२५ च्या आदेशाने बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी आरंभली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. त्यांतील सुमारे ३६ लाखांपुढे कारण होते: कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले. ही नावे कारणांसह जाहीर करण्यासाठीसुद्धा १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. १९५० च्या कायद्याचे कलम २० तर स्पष्ट सांगते, की तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचे सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. पोटासाठी दिल्लीला गेलेला आणि छठला घरी परतणारा मजूर कायमचा गेला, हे कोणत्या न्यायाने ठरले? पारपत्रवाला वर्षानुवर्षे परदेशी राहूनही गावचा मतदार, आणि हा मात्र घरी न सापडल्याने यादीबाहेर.

दूरस्थ मतदान यंत्राचे नाटकही झाले. डिसेंबर २०२२ मध्ये घोषणा झाली आणि १६ जानेवारी २०२३ ला दिल्लीत पक्षांना पाचारण करण्यात आले. एका यंत्रात ७२ मतदारसंघ! स्थलांतरित कोणाला म्हणावे, याची व्याख्या मात्र नव्हती. जनगणनेच्या ४५ कोटींत तर लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियाही मोजल्या आहेत. परराज्यातील केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कसा बसणार, तेथे आचारसंहिता कोण राबविणार, यांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत. विरोधी पक्षांनी हरकत घेतली ती रास्तच होती. पण यंत्र गुंडाळले गेले आणि त्याबरोबर प्रश्नही गुंडाळण्यात आला.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी दिल्लीतच डोळे उघडून पाहावे. खोरे सोडावे लागलेल्या काश्मिरी विस्थापितांसाठी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राजधानीत चार विशेष मतदान केंद्रे होती; बारामुल्ला, श्रीनगर आणि अनंतनाग-राजौरीचे मत तेथे देता येत होते. ते योग्यच झाले. बंदुकीच्या धाकाने गाव सोडलेल्यासाठी जे शक्य आहे, ते भुकेच्या धाकाने सोडलेल्यासाठी मानेसर, नोएडा आणि बवान्यात का होत नाही, याचे उत्तर निर्वाचन सदनाने द्यावे.