चित्रा कुठे गेली?

चैत्र हे नाव चित्रेवरून पडलं. या महिन्यातली पौर्णिमा चित्रा नक्षत्राच्या आसपास होते. ३४ वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. परवा नातीला गच्चीवर नेलं. सप्तर्षींच्या पतंगाच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, त्याहून पुढे निळसर चित्रा. पण शेपटीच सापडेना! समोरच्या सोसायटीचा दिवा थेट आकाशावर रोखलेला. म्हणे सुरक्षिततेसाठी. चोर काय आभाळातून उतरतो? दिव्याला वरून झाकण घाला, उजेड खाली पाडा, एवढंच मागणं. त्यांचे चेअरमन हसले, "सर, तारे बघायला पेंचला जा." २०२४ साली पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आनंदच आहे. पण चैत्रातली चित्रा दाखवायला नातीला घेऊन मी जंगलात जायचं? दुसरा अर्ज दिलाय. नात रविवारी परत जाणार.