नाव जुळत नाही

माझी भाची अंबरनाथला राहते आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकते. गेल्या वर्षी तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारण एका ओळीचं : नाव जुळत नाही. तिच्या वडिलांचं नाव आधारवर मोहम्मद, शाळेच्या दाखल्यावर महंमद आणि रेशन कार्डावर मुहम्मद. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "कॉम्प्युटर घेत नाही, आम्ही काय करणार?" मग अॅफिडेव्हिट, झेरॉक्स, पुन्हा रांग. मेहुण्यांचे दोन दिवसांचे पैसे बुडाले ते वेगळेच.

आपल्यापैकी किती घरांत हे घडलं असेल, मोजायची गरज नाही. शेख, सय्यद, महंमद, फातिमा... अरबी नावं, ती उर्दूत बोलली जातात, मराठीत लिहिली जातात आणि इंग्रजीत टाइप होतात. प्रत्येक वळणावर एखादं अक्षर बदलतं.

त्याच सत्रात भाचीला अल्गोरिदमचा पेपर होता. एका संध्याकाळी ती वहीत चौकटी आखत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मामू, दोन शब्दांमधलं अंतर काढतेय." एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतील, तो आकडा म्हणजे अंतर. रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 साली ही कल्पना मांडली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोहम्मदचा मुहम्मद करायला 'ओ'च्या जागी 'यू' घातला की झालं. अंतर एक.

आठ अक्षरांच्या या दोन नावांची जुळणी करण्याच्या वाटा 2 लाख 65 हजारांहून जास्त आहेत. प्रत्येक वाट तपासत बसलं तर वही पुरणार नाही. पण छोट्या तुकड्यांची उत्तरं एकदा काढून चौकटीत लिहून ठेवली, तर 64 घरं भरून काम होतं. एवढ्याला पेन्सिल पुरते. कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा लागत नाही.

म्हणजे 'कॉम्प्युटर घेत नाही' हे अर्धसत्य होतं. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी असतील तरच अर्ज पुढे जाईल, असं कुणीतरी माणसाने ठरवलं होतं. 'अंतर एक-दोन असेल तर अर्ज फेटाळू नका, माणसाकडे पाठवा' असंही ठरवता आलं असतं.

उलट बाजूही पाहायला हवी. इंग्रजीत आमिर आणि समीर यांच्यातलं अंतरही एकच असतं आणि ते दोन सख्खे भाऊ असू शकतात. यंत्राने एवढ्यावरून त्यांना एकच माणूस मानलं, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील. म्हणून अंतर यंत्राने काढावं, पण शंका असेल तिथे जन्मतारीख आणि पत्ता पाहून निर्णय माणसाने घ्यावा. अर्ज तपासणाऱ्या कार्यालयांकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

या पेपरची आमच्याकडची अवस्था मात्र वाईट आहे. चौकट कशी भरायची ते मुलं पाठ करतात, परीक्षेत भरतात आणि विसरतात. बदलापूरपासून कल्याणपर्यंत पालक मला विचारतात, "अल्गोरिदम शिकून नोकरी लागते का? त्यापेक्षा सहा महिन्यांचा कोडिंगचा क्लास बरा." त्यांची घाई मला समजते. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलेलं असतं आणि फी कर्जाने भरलेली असते. पण कोड आता यंत्रही लिहून देतं. तो नेहमी बरोबर चालेल का, किती वेळ घेईल आणि चुकला तर कुणाचं नुकसान होईल, हे विचारणारा माणूस लागणारच आहे. तो विचार करायला हा पेपर शिकवतो. कॉलेजात नीट शिकवत नसतील, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांची या विषयावरची व्याख्यानं एनपीटीईएलवर मोफत आहेत. आणि प्राध्यापकांनी एकदा तरी वर्गातल्या मुलांचीच नावं फळ्यावर घ्यावीत. मग काही पाठ करावं लागणार नाही.

खुद्द 'अल्गोरिदम' हा शब्दही एका नावाचाच अपभ्रंश आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं, तेव्हा त्यांच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि त्यातूनच हा शब्द आला. आज त्यांनी खिडकीवर अर्ज दिला असता, तर तोही परत आला असता.

भाचीने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे. सोबत अॅफिडेव्हिट आहे. पण ती म्हणते, "मामू, मी नोकरीला लागले की ही तपासणी मीच लिहीन." त्यासाठी तरी हा पेपर तिने नीट शिकावा.