बांधावरून : दोन दिवस दोघांचे



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला आणि वालाची पेरणी मार्गी लागली, की आमच्या पालघर-बोईसरकडे शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. गेल्या मार्गशीर्षात अशाच एका दुपारी बोईसर आणि वाणगावच्या मधल्या एका गावी गेलो होतो. खळ्यावर बसून मिरचीला ठिबकमधून खत किती द्यावे, याचा हिशेब घरधन्याला लिहून देत होतो. तेवढ्यात घरधनीण चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "साहेब, तुम्ही सगळीकडे हिंडता. जव्हारकडे दाभोशाचा धबधबा आहे म्हणतात. खरंच एवढा मोठा आहे का हो?"

"वहिनी, तीनशे फुटांवरून पडतो. तुम्ही अजून पाहिला नाही?"

ती हसली. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं चाललंय."

घरधनी चहाच्या कपात बघत म्हणाला, "शेती आणि गुरं सोडून जायचं कसं, साहेब?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण तिचा हिशेब मी मनाशी मांडून पाहिला. सव्वीस वर्षांत ती गावाबाहेर पडली नाही असे नाही. ती लग्नांना गेली, मयतीला गेली, बाळंतपणाला माहेरी गेली. सासऱ्यांच्या आजारपणात मुंबईच्या इस्पितळात महिनाभर राहिली. प्रत्येक वेळी ती कुठल्या ना कुठल्या कामालाच गेली. केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून तिच्यासाठी तिकीट काढले, असे एकदाही घडले नाही. आणि दाभोसा तिच्या दारापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. विस्तार खात्याच्या नोकरीत मी हा सारा मुलूख पालथा घातला. पत्नीला मात्र चार वर्षांपूर्वी प्रथमच बोर्डीला घेऊन गेलो. समुद्रात सूर्य बुडताना पाहावयाचा, एवढाच बेत होता. वाटेत एक ओळखीचे बागाईतदार भेटले. त्यांच्या चिकूवर बी पोखरणारी अळी पडली होती. मी वाडीत शिरलो तो दोन तासांनी बाहेर आलो. पत्नी विहिरीच्या कठड्यावर बसून होती आणि सूर्य केव्हाच बुडाला होता. परतीच्या गाडीत ती एवढेच म्हणाली, "तुम्ही दौऱ्यावर आला होतात. मी पिशवी सांभाळायला आले."

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला. ठिकाण ती ठरवते, आणि शेतीचे पाहणे फार तर अर्ध्या तासाचे. या नियमानुसार आम्ही तीनदा जाऊन आलो. त्या अनुभवावरून पुढील चार गोष्टी सांगतो. खळ्यावरच्या त्या कागदाच्या पाठीमागे मी हेच लिहून दिले.

१. वेळ कोणती?

पिकाला जसा हंगाम, तसा सहलीलाही. भात पिकविणाऱ्याला वर्षात दोन फटी सापडतात. पहिली, बेणणी आणि खताचा हप्ता उरकल्यावर, गौरी-गणपतीनंतर कापणीपर्यंत. या दिवसांत डोंगर हिरवे असतात आणि धबधब्यांना भरपूर पाणी असते. दुसरी, झोडणीनंतर पौष-माघात. तेव्हा हवा कोरडी आणि समुद्रकिनारा सुखाचा. म्हैस विण्याच्या बेतात असेल किंवा रोपे लावणीला आली असतील, तर बेत पुढे ढकलावा. मात्र पुढची तारीख त्याच दिवशी ठरवावी. नाहीतर त्याचे "पुढच्या वर्षी" होते.

शनिवार-रविवार टाळावेत. त्या दिवशी केळवे, बोर्डी, जव्हार मुंबईच्या माणसांनी भरून जातात आणि खोल्यांचे भाव चढतात. नोकरदाराचा रविवार बांधलेला असतो, शेतकऱ्याला आपला रविवार मंगळवारी घेता येतो. ही आपली मोठी सवलत आहे. ती वापरावी.

२. पैसा कसा उभा करावा?

कर्ज काढून सहल करू नये. पीककर्जाच्या पैशाला तर हातही लावू नये. भाजी, दूध, अंडी, मोगऱ्याच्या कळ्या, अशा रोजच्या रोख पैशातून आठवड्याला १०० रुपये एका डब्यात टाकावेत. चाळीस आठवड्यांत ४,००० रुपये होतात. पौषात सुरुवात केली, तर गौरी-गणपती उरकल्यावर डबा भरतो. डबा घरधनिणीच्या ताब्यात असावा.

एका मुक्कामाच्या सहलीसाठी त्या रकमेचे दहा भाग करावेत. मुक्कामाला चार भाग (१,६०० रुपये), प्रवासाला दोन (८००), जेवणखाणाला दोन (८००), घरी न्यावयाच्या वस्तूला एक (४००) आणि अडीअडचणीला एक (४००). शेवटचा भाग शक्यतो मोडू नये. तो परत आला, तर पुढच्या सहलीचे बियाणे झाले. दोनच हजार जमले, तर मुक्काम गाळून सकाळी निघावे आणि रात्री परतावे. तीही सहलच.

बचत कोठे होते, तेही पाहू. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल धावतात. केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू हा सारा पट्टा थोडक्या पैशात फिरता येतो. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. दोन दिवसांच्या सहलीला त्याची गरज नाही. लांब कोल्हापूर-तुळजापूरकडे जाणार असाल, तर अर्ध्या तिकिटाशी ताडून पाहूनच घ्यावा. पहिल्या दिवशीची शिदोरी घरची न्यावी. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी प्रवासात चांगली टिकते आणि एका जेवणाचा खर्च वाचतो.

३. घर आणि गुरे कोणी पाहावीत?

बेत बहुधा येथेच अडतो. त्यावर जुना उपाय सावडीचा. लावणीला आपण एकमेकांच्या शेतात जातो, तसे दोन दिवस शेजाऱ्याने आपली गुरे पाहावीत आणि त्याच्या सहलीच्या वेळी आपण त्याची. मात्र तोंडी सांगून भागत नाही. वैरण किती, आंबोण केव्हा, कोणती म्हैस लाथ मारते, ठिबकचा कोणता कॉक किती वेळ उघडावा, हे कागदावर लिहून गोठ्याच्या खांबाला लावावे. मुले मोठी असतील, तर त्यांच्यावरही दोन दिवस घर टाकून पाहावे. बहुतेक ती आपल्याला वाटते त्याहून बरे सांभाळतात.

४. जावे कोठे?

डोंगरातल्याने समुद्राकडे जावे, समुद्राकाठच्याने डोंगराकडे.

समुद्राची वाट अशी. केळवे रोडला उतरून केळव्याला जावे. शीतलादेवीचे दर्शन घ्यावे आणि सुरूच्या बनात निवांत बसावे. तेथेच जुना भुईकोट आहे. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या वाड्या हे तुमचे अर्ध्या तासाचे शेतीचे पाहणे. मुक्काम केळव्यालाच करावा. दुसऱ्या दिवशी पालघरहून गाडीने डहाणू, आणि डहाणूहून समुद्राच्या कडेकडेने नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथून चिकूचे वाळविलेले काप घरी न्यावेत. वेळ उरला, तर कोसबाडच्या टेकडीवर जावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून तेथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या आणि कुरणशाळा चालविल्या.

ज्यांना बोईसरहून जवळ पडते, त्यांनी चिंचणीचा किनारा पाहावा. वाटेवरच्या तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. बाजी भिवराव तेथेच धारातीर्थी पडले. किल्ल्यात आज खासगी वाडी आहे, म्हणून विचारल्याशिवाय आत शिरू नये. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, पण ते पाहावयाला खुले नाही. त्याच्या कुंपणापाशी छायाचित्रे काढीत थांबू नये. या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. आज दिसते ते सारे उद्या तसेच दिसेल असे नाही. पाहावयाचे ते पाहून घ्यावे.

डोंगराची वाट जव्हारची. बोईसर किंवा पालघरहून मनोर, विक्रमगडमार्गे एस.टी.ने जावे. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्यांचा जयविलास राजवाडा खासगी आहे, तेव्हा पाहावयाची वेळ आधी विचारावी. हनुमान पॉइंटवरून खोल दरी दिसते. संध्याकाळ सूर्यास्ताच्या माळावर काढावी. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम शिरपामाळला पडला होता, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी दाभोसा. लेंडी नदीचा हा धबधबा जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. गाडीवाल्याशी जाण्या-येण्याचे भाडे एकदमच ठरवावे, नाहीतर परत येताना अडवणूक होते. घरी न्यावयाची वस्तू म्हणून वारली चित्र घ्यावे, तेही काढणाऱ्याच्या हातून. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली.

दोन्ही वाटांना लागू पडणाऱ्या काही सूचना. कोठेही उतरलात, की आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा. मुक्कामाला दोघांचीही ओळखपत्रे लागतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या एक दिवस जास्तीच्या ठेवा. भरती-ओहोटीची वेळ कोळीबांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. धबधब्याच्या डोहात तर मुळीच उतरू नका. शेवाळलेला खडक पोहणाऱ्याला ओळखत नाही.

आणि दोन दिवसांत दोन-तीन ठिकाणे पुरेत. सारी यादी उरकण्याच्या घाईत ती पुन्हा धावपळच होते. बाई घरी रोज पहाटे उठते. या दोन दिवसांत तिला उशिरा उठू द्यावे आणि चहा दुसऱ्याच्या हातचा मिळू द्यावा. कोठे थांबावयाचे, केव्हा निघावयाचे, हे तिला विचारावे. पहिल्या वेळी ती "तुम्ही म्हणाल तसं" असेच म्हणेल, कारण आजवर तिला कोणी विचारलेले नाही. पुन्हा विचारावे.

परवा त्याच गावी पुन्हा जाणे झाले. मिरची जोमात होती. घरात फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिसला. वहिनी म्हणाल्या, "साहेब, सात आठवडे झाले. मधे यांनी युरियासाठी तीनशे काढले होते, चिठ्ठी ठेवून. बाजारच्या दिवशी परत टाकायला लावले."

घरधनी खाली मान घालून हसत होता. मग मला बाजूला घेऊन विचारले, "भाद्रपदात जव्हारला पाऊस लागून राहिला, तर काय करायचं?"

"छत्री न्यायची," मी म्हणालो. "लावणीला भिजता की नाही दोघं?"

बंधू-भगिनींनो, आपण पिकाच्या खर्चाची वही लिहितो. तीत बियाणे, खते, औषधे, मजुरी, वाहतूक, साऱ्यांना ओळ असते. ज्या दोन माणसांच्या हातांवर ती वही उभी असते, त्यांच्या नावे मात्र एकही ओळ नसते. यंदा मजुरीच्या खाली एक ओळ आणखी आखा आणि तिच्यावर लिहा : दोघांचे दोन दिवस. तारीखही आजच टाका.